टाकेल

"दाल्लानी टाकेल!" तानीबाईनं पलीकडच्या काठावरून आरोळी ठोकली आणि हात लांब करून थेट माझ्या अक्काकडे बोट दाखवलं. दाल्ला म्हणजे नवरा. नवऱ्यानं टाकलेली. आमच्या काठावर गावातल्या झाडून साऱ्या बायका उभ्या होत्या आणि घटकाभरापूर्वी एका सुरात किंचाळत होत्या. त्या एकदम गप्प झाल्या. कुणी पदर सारखा करू लागली, कुणी पायाच्या अंगठ्यानं वाळूत रेघा ओढू लागली. टिपऱ्या वाजवणाऱ्या पोरींच्या टिपऱ्या थांबल्या. माय माझा हात धरून होती, तिनं तो इतका आवळला की माझी काचेची बांगडी पिचली. पलीकडे आधी हसू चाललं होतं, तेही विरत गेलं. तानीबाईचं बोट तसंच हवेत राहिलं. तिनं आमच्या एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय व, मुक्या व्हई ग्यात का बठ्ठ्या?" कुणी तोंड उघडलं नाही. तेवढ्यानं पलीकडच्या गावाला कळलं की हे खरं आहे.

आखाजीची ही रीत आता फार ठिकाणी राहिलेली नाही, म्हणून सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा हा सण मोठा, आणि तो लेकींचा. सासरी गेलेली प्रत्येक पोरगी आखाजीला माहेरी यायचीच. दुसऱ्या दिवशी गौराई शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, नदीवर न्यायची. आमचं गाव गिरणेच्या अल्याड, तानीबाईचं पल्याड. उन्हाळ्यात मध्ये वाळूच जास्त आणि पाण्याची एक धार. दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहायच्या आणि मन भरेपर्यंत एकमेकींना शिव्या द्यायच्या. वर्षभर सासूपुढे खाली मान घालून वावरलेल्या बाया त्या दिवशी काय काय बोलायच्या, ते मी इथे लिहिणार नाही. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. त्यांना सणाचे दोन दिवस पत्ते खेळायची मुभा होती, ते पारावर पत्ते कुटत बसायचे. नदीवरचा शब्द कुणी घरी आणायचा नाही आणि मनातही ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच बाया बाजारात भेटल्या की एकमेकींना पान द्यायच्या.

या शिव्यांना एकच अट होती. ती कुणी सांगायचं नाही, पण पोरीबाळींनाही ठाऊक असायची. खरं बोलायचं नाही. गोरीला काळी म्हणायचं, धडधाकट बाईला लंगडी म्हणायचं, जिच्या कडेवर पोर आहे तिला वांझ म्हणायचं. जिला खरंच मूल नाही तिच्याकडे त्या दिवशी कुणी बोटसुद्धा करायचं नाही. त्यामुळेच तर हसू यायचं. तानीबाई या कामात पटाईत. आडव्या हाडाची बाई, आवाज असा की आमच्या गावातली गुरं कान टवकारायची. ती दरवर्षी एखादी नटलेली, भरल्या अंगाची, सासरी सुखात असेल अशी पोर हेरायची आणि तिला म्हणायची, "दाल्लानी टाकेल!" त्यावर आमच्या बायका तिच्या नवऱ्याचा, सासऱ्याचा, सासऱ्याच्या बैलाचाही उद्धार करायच्या. त्या वर्षी तिनं अक्काला हेरलं, कारण काठावर अक्कासारखी नटलेली दुसरी कुणी नव्हती. आणि अक्काला नटवलं होतं मायनं, कुणाला काही कळू नये म्हणून.

अक्काचं नाव लीला. माझ्याहून बरीच मोठी. तिला धुळ्याला दिली होती. नवरा गिरणीत कामाला. आदल्या दिवाळीला तो तिला घेऊन आला, रात्रीचं जेवला, सकाळी "जरा फाट्यापर्यंत जाऊन येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. तिच्या ट्रंकेत तिचं लग्नातलं सगळं लुगडं-चोळी भरलेलं निघालं. दिवाळीच्या चार दिवसांना कुणी एवढं आणत नाही. मायनं ट्रंक उघडली, पाहिलं आणि झाकण परत लावलं. अक्काचं डावं मनगट सुजलेलं होतं. पुढे सूज उतरली, पण हाड वाकडं बसलं. कुणी विचारलं तर माय सांगायची, "झोक्यावरून पडली." दिवाळीत झोका कुठला, हे कुणी विचारत नव्हतं. गाव फार सभ्य असतं अशा वेळी. त्यानं तिकडे दुसरी आणून ठेवली आहे, हे संक्रांतीच्या आत साऱ्यांना ठाऊक झालं होतं. पण आमच्या अंगणात येऊन बोलायचं नाही, अंगण ओलांडलं की बोलायचं.

तेव्हा तो शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला. हौदावर पाणी भरताना दोघी बोलत होत्या आणि मी आल्यावर थांबल्या, त्याआधी एकीनं म्हटलं होतं, "टाकेल शे ना ती." मी चौथीत होते. ती माझी शेवटची इयत्ता, त्यापुढे मला शाळा नाही. पण टाकणं म्हणजे काय, ते कळायला शाळा लागत नाही. भाजीची देठं टाकतात. झिजलेली केरसुणी टाकतात. अंगठा तुटलेली वहाण टाकतात. उष्टं टाकतात, तेही आधी कुत्र्याला विचारून. घरात जे टाकायचं असतं त्याला पोर असतानाच हात लावायला शिकतो आपण, आणि नंतर हात धुवायला. हौदावरच्या त्या बाईनं तो शब्द म्हणताना आवाज खाली घेतला होता आणि ओठ थोडे वाकडे केले होते. पुढे आयुष्यभर मी पाहिलं, हा शब्द मोठ्यानं कुणी म्हणत नाही. शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणतात, आणि म्हणून झालं की दोघी मिळून 'बिचारी' म्हणतात. हे 'बिचारी' त्याच शब्दाचं शेपूट आहे. मला शिवीपेक्षा त्या शेपटाचा राग जास्त.

आणखी एक. बाप्याला हा शब्द लागत नाही. आमच्या गल्लीतल्या एका सुताराची बायको त्याच्या मारहाणीला कंटाळून भावाकडे निघून गेली, ती परत आली नाही. निघून ती गेली, तरी टाकलेली तीच ठरली. सुताराचं वर्षभरात दुसरं लग्न लागलं, मी त्या लग्नात जेवले आहे. बाई घरात राहिली तर ती नांदते, बाहेर पडली तर ती टाकलेली. तिसरी जागा नव्हती. आता माझ्या नातीच्या मैत्रिणी चहा पिता पिता "मी त्याला सोडलं" असं सांगतात आणि पुढे लगेच बिस्किटं मागतात. मला ऐकायला बरं वाटतं. सवय मात्र अजून झालेली नाही.

तर आखाजी जवळ आली तशी मायच्या जिवात जीव आला. बाकी वर्षभर तरुण लेक माहेरी दिसली की लोक विचारतात, का आली, कधी जाणार. आखाजीत कुणी विचारत नाही. गल्लीतल्या साऱ्याच लेकी आलेल्या असतात. लिंबाला झोके बांधलेले, दोरांची करकर दिवसभर चाललेली, घराघरातून पुरण शिजल्याचा वास, आंब्याच्या साली आणि कोयी वेचायला दारात शेरडं. त्या गर्दीत आमची अक्का चारचौघींसारखी दिसली. मायनं तिला नवं अंजिरी लुगडं नेसवलं. कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला, तो मनगट झाकायलाही बरा पडला. कुंकू इतकं ठसठशीत लावलं की लांबून दिसावं. सकाळी आमच्याकडे पितरांची घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, आमरस झाला, कुरडया तळल्या. खापर चुलीवर पालथं घालून माय मांडे करायला बसली. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवत न्यायची आणि पसरून खापरावर टाकायची, हे तिचं काम बघत राहावं असं. अक्का शेजारी बसून नुसता कणकेचा उंडा पुरणानं भरून देत होती. डाव्या हातावर तिला पोळी तोलत नव्हती.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं होतं की आखाजी झाली की अक्काला स्वतः धुळ्याला न्यायचं. पाचोऱ्याला गाडीत बसायचं, चाळीसगावला गाडी बदलायची, थेट जावयाच्या दारात जाऊन उभं राहायचं. "अजून बाहेर फार कुणाला कळलेलं नाही," ते मायला सांगत होते. "दुसरी असली तर असली. एका कोपऱ्यात पडून राहील ही. घरात म्हणून तर राहील." अक्काला कुणी विचारलंच नाही. तिनं एकदाच मला म्हटलं होतं, माझ्या वेणीत पेड घालताना, "येसू, यावेळी उजवा मोडेल तो." आणि वेणी घट्ट ओढली. मला तेव्हा वेणीचंच दुखलं. सण असल्यामुळे मायनं धुळ्यासाठी सांजोऱ्या केल्या. एका डब्यात भरून, वर फडकं बांधून, गाठ मारून तो डबा ट्रंकेवर ठेवला होता. नदीवरून आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

आता परत नदीवर येते. आमच्या बायका गप्प झाल्या त्या चांगल्या मनानं झाल्या, हे मी आज मान्य करते. खऱ्याला काय उत्तर द्यायचं ते त्यांना सुचलं नाही. पण खोटं असतं तर त्यांनी तानीबाईचा धुव्वा उडवला असता, हे दोन्ही काठांना ठाऊक होतं. मायनं दबक्या आवाजात म्हटलं, "लीले, मांगे ये." अक्का मागे आली नाही. ती पुढे गेली, वाळूतून थेट पाण्याच्या धारेपर्यंत. नवं लुगडं भिजलं. तिनं डावा हात वर केला, चुडा खळकन कोपराकडे घसरला आणि वाकडं मनगट उन्हात उघडं पडलं.

"हाव! टाकेल शे मी!" अक्का ओरडली. तिचा आवाज इतका मोठा आहे हे आम्हांला माहीत नव्हतं. "मना दाल्लानी माले टाकी दिधं. आन् तू? तू तुना दाल्लाले सोडतच नही, मंग तो बिचारा करी काय?"

मग पलीकडच्याच काठावर कुणीतरी फिस्सकन हसलं. तानीबाईचा नवरा तिच्या निम्मा होता आणि बाजारात तिच्या मागे पिशवी धरून चालायचा, हे सगळ्या मुलखाला माहीत होतं. म्हणजे अक्कानंही खरंच बोलून दाखवलं होतं. हसू पलीकडून इकडे आलं, इकडून तिकडे गेलं. म्हाताऱ्या कोताऱ्या पोट धरून वाळूत बसल्या. तानीबाई आधी आ वासून उभी राहिली आणि मग स्वतःच इतकी हसली की तिच्या तोंडातलं पान सांडलं. आमच्या बायकांना कंठ फुटला. टिपऱ्या परत सुरू झाल्या आणि गौराई शिरवली. हसली नाही ती फक्त माय. ती परतताना सारखी अक्काच्या भिजलेल्या लुगड्याचा काठ पिळत होती.

नदीवरचं घरी आणायचं नाही, अशी रीत होती म्हणाले ना मी. ते आमच्या आधी घरी पोहोचलं होतं. आबा पत्ते टाकून उठून आले होते आणि ओट्यावर उभे होते. "तू कबूल कसाले करं?" त्यांनी अक्काला विचारलं.

"आबा, बठ्ठ्या चूप बठी ग्यात," अक्का म्हणाली. "मंग मी काय करू?"

"हासीसन उडाई देवानं व्हतं. इसरी जातीत लोके."

"नही इसरतीत," अक्का म्हणाली आणि पाय धुवायला गेली. आबा रात्री जेवले नाहीत. गाडीचं मात्र त्यांनी बदललं नाही. सकाळी उठून धुतलेलं धोतर नेसले, फेटा बांधला, आणि ट्रंक ओट्यावर काढून ठेवली. अक्का चुलीपुढे बसून होती. ती रडत नव्हती. जात्याला बांधल्यासारखी बसली होती, उठवल्याशिवाय उठणार नाही अशी.

तेवढ्यात तानीबाई दारात आली. नदी उतरून, एकटी, डोक्यावर टोपलं घेऊन. टोपल्यात खापर होतं, गवतात गुंडाळलेलं. शेजारपाजारच्या माना खिडक्यांतून बाहेर आल्या. ती सरळ आत येऊन बसली, पाणी मागितलं, प्यायली, आणि आबांना म्हणाली, "भाऊ, माले मालूम नव्हतं. मी त दरसाल म्हनस. कोनी ना कोनी पोरले म्हनस. हाई त खरीखुरी निंघनी." मग अक्काकडे वळली. "आठे ये. हात दखाड." अक्कानं हात पुढे केला. तानीबाईनं चुडा वर सारला, अंगठ्यानं हाड चाचपलं. "झोकावरथून पडनी," आबा म्हणाले. ती हात न सोडताच म्हणाली, "भाऊ, हाऊ हात झोकावरथून पडीसन मोडेल नही."

आबांनी फेट्याचा शेमला सारखा केला. ते म्हणाले, "गाडीची वेळ झाली."

"कोन्या गाडीनी? लोकेसले समजाले नको म्हनीसन धाडत व्हतात ना तुम्ही तिले? समजनं आते लोकेसले. पाचोरापावत समजनं. आते कसाले धाडतस?"

लपवायचं होतं म्हणून तिला न्यायचं होतं, आणि लपवायचं काही उरलं नव्हतं. तानीबाई पुढे बोलतच राहिली. ती लग्नाकार्यात मांडे करायला जायची. तिच्या जोडीची बाई म्हातारी झाली होती, तिला दुसरी हवी होती. "एक हात वाकडा शे त काय व्हयनं? तोंड त सरय शे," ती म्हणाली. "रातभर चूलपुढे बसनं पडस. गप बठनारी बाई माले चालत नही."

माय उठली. ट्रंकेवरचा तो डबा तिनं उचलला, खाली बसून दातांनी फडक्याची गाठ सोडली, थाळीत सांजोऱ्या काढल्या आणि तानीबाईपुढे ठेवल्या. धुळ्याच्या सांजोऱ्या. आबांनी थाळीकडे पाहिलं. मायनं आबांकडे पाहिलं. मग आबांनी फेटा काढला आणि खुंटीला लावला. ट्रंक मी आत ओढत नेली, तिची कडी फरशीवर केवढी वाजली. तानीबाई सांजोरी मोडत म्हणाली, "गूळ कमी शे व," आणि चार खाल्ल्या.

असं समजू नका की तिथून सगळं गोड झालं. तो शब्द काही नदीत वाहून गेला नाही. नशिराबादच्या एका लग्नघरी वरमायनं अक्काला चुलीवरून उठवलं होतं, टाकलेलीच्या हातचे मांडे वऱ्हाडाला नकोत म्हणून. तानीबाईनं आपलं खापर चुलीवरून उतरवलं, तसंच गरम गवतात गुंडाळलं आणि म्हणाली, "मंग तुम्हीच करा." पंगत बसायची होती. घरधनी धावत वेशीपर्यंत आला आणि दोघींना परत घेऊन गेला. पोळी डाव्या हातावर तोलायची कशी, ते अक्कानं स्वतः शोधलं. मनगट दुमडून घ्यायची आणि कोपरावर भार टाकायची. पुढे तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरीही, धड मनगटाच्या, तशाच करू लागल्या. मीही तशीच करते.

धुळ्याचा तो माणूस एकदा आला होता, बऱ्याच वर्षांनी, दुसरी निघून गेल्यावर. नेतो म्हणाला. अक्कानं त्याला जेवायला वाढलं आणि मला म्हणाली, "येसू, यांना एस.टी.त बसवून ये." पोटभर जेवला बाकी. आणि अलीकडे जळगावात एका कचेरीत आम्ही दोघी कसल्याशा कामाला गेलो, तेव्हा टेबलामागच्या मुलीनं अक्काला अदबीनं विचारलं, "आजी, आपण परित्यक्ता का?" अक्काला तो शब्द ठाऊक नव्हता. मुलीनं खालच्या आवाजात समजावून सांगितलं. "हां, टाकेल!" अक्का म्हणाली, नदीवरच्याच आवाजात. सगळी कचेरी वळून बघायला लागली. "मग तसं म्हण ना, बाई. लाजतेस कशाला? टाकलं मला, तू कुठे टाकलंस?"

आबा गेले, माय गेली. तानीबाई गेली, तिच्या आधी तिचा तो पिशवी धरणारा नवरा गेला. धुळ्याचाही गेल्याचं कळलं. अक्का आहे. पिंप्राळ्यात माझ्याच घरात पुढच्या खोलीत असते, आणि मी हे लिहिते आहे तेव्हा ती चहात साखर कमी पडली म्हणून ओरडते आहे.